नोकरी सांभाळून आयआयटी मद्रासची बीएस पदवी: क्रेडिट आणि ग्रेडचा हिशोब

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला, लगेच नोकरीला लागले आणि पदवी राहून गेली ती गेलीच. आयआयटी मद्रासने २०२० साली सुरू केलेल्या आणि आज ‘डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स’ या नावाने चालणाऱ्या ऑनलाइन बीएस अभ्यासक्रमात मला येऊन आता आठ सत्रे झाली. तिथल्या शिकवण्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते क्रेडिट, ग्रेड आणि वाटेत मिळणाऱ्या डिप्लोम्यांबद्दल, कारण नोकरदार माणसाची पदवी पुरी होणार की अर्ध्यावर सुटणार, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच ठरते.

प्रवेशासाठी गुणवत्ता यादी लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झालात की जागा तुमची. पुढची मांडणी जिन्यासारखी आहे. पहिला टप्पा फाउंडेशनचा, त्यात आठ विषय आणि प्रत्येकाची ४ क्रेडिट्स, म्हणजे ३२. त्यानंतर प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्स असे दोन डिप्लोमे, प्रत्येकी २७ क्रेडिट्सचे. त्यांच्यावर आणखी २८ मिळवली की ११४ क्रेडिट्सना बीएस्सी, आणि त्यापुढच्या २८ नंतर १४२ क्रेडिट्सना बीएस. वर्षात जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीन सत्रे सुरू होतात, आणि पूर्ण पदवीसाठी कमाल आठ वर्षे मिळतात.

‘क्रेडिट म्हणजे नेमके काय’ हा प्रश्न मला सहकारी नेहमी विचारतात, आणि त्याचे उत्तर वेळेच्या भाषेत द्यावे असे माझे मत आहे. एका विषयासाठी आठवड्याला साधारण १० तास द्यावे लागतील, असे संस्थाच सांगते. सत्रात अभ्यासाचे आठवडे १२, म्हणजे १२० तास. विषय ४ क्रेडिट्सचा, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास पडतात. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही एका क्रेडिटचे माप ३० तासांच्या अभ्यासाचेच आहे. मी पहिल्या वर्षी तासांची नोंद वहीत ठेवली होती आणि थिअरीच्या विषयांत हा आकडा आश्चर्य वाटावे इतका खरा निघाला. प्रोजेक्टच्या बाबतीत मात्र अंदाज चुकला. ॲप डेव्हलपमेंटच्या पहिल्या प्रोजेक्टला २ क्रेडिट्स आहेत, म्हणून मी ६० तास धरले होते. फ्लास्क, म्हणजे वेब ॲप बनवण्याचे पायथनमधले साधन, कधी हाताळलेले नसल्यामुळे व्हायव्हापर्यंत, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत, ९४ तास लागले. ज्यांचा हात वेब प्रोग्रॅमिंगवर बसलेला नाही, त्यांनी प्रोजेक्टच्या सत्रात दुसरा जड विषय घेऊ नये.

चिंचवडहून रोज हिंजवडीला जाऊन-येऊन माझ्या हाती आठवड्याला २० तास उरतात, तेही शनिवार-रविवार धरून. म्हणून मी दर सत्राला दोनच विषय घेते. या गतीने वर्षाला साधारण २४ क्रेडिट्स होतात आणि १४२ गाठायला सहा वर्षे लागतात, म्हणजे आठ वर्षांच्या मर्यादेत दोन वर्षे हाताशी राहतात. ज्या घरात आजारपण, बाळंतपण किंवा मुलांची दहावी-बारावी असते, तिथे ही दोन वर्षे फार मोलाची आहेत.

आता ग्रेडबद्दल. ९० आणि त्यापुढे एस, ८० ला ए, ७० ला बी, ६० ला सी, ५० ला डी आणि ४० ला ई; त्याखाली यू, म्हणजे अनुत्तीर्ण. एस ते ई यांचे गुणांक अनुक्रमे १०, ९, ८, ७, ६ आणि ४ आहेत. यात ५ हा आकडाच नाही, आणि ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पहिल्या सत्रात मला गणितात सी आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंगमध्ये ए मिळाला. क्रेडिट्स सारखीच असल्याने सीजीपीए, म्हणजे क्रेडिट्सच्या प्रमाणात काढलेली गुणांकांची सरासरी, ८ झाला. दुसऱ्या सत्रात इंग्रजीत ए आला, पण स्टॅटिस्टिक्समध्ये ४९ गुण पडले. निकालाच्या रात्री स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे मी बेरीज मांडली: ७, ९, ९ आणि ४, भागिले चार, म्हणजे ७.२५. एक गुण जास्त असता तर ४ च्या जागी ६ आले असते आणि हाच आकडा ७.७५ झाला असता. नियम आधीपासून स्पष्ट छापलेला होता, त्यामुळे माझी तक्रार काही नाही. तो मी वेळेवर वाचला नव्हता, एवढेच. धीर देणारी बाब अशी की क्रेडिट्स वाढत जातात तसा जुन्या ग्रेडचा भार हलका होतो. आज अर्ध्या अंकाएवढा दिसणारा तो फरक १४२ क्रेडिट्सच्या हिशोबात जेमतेम ०.०६ उरेल.

गुण देण्याच्या पद्धतीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सत्रात दोन क्विझ आणि एक एंडटर्म, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, केंद्रावर जाऊन द्यावी लागते, शिवाय दर आठवड्याचे स्वाध्याय असतात. अनेक विषयांत अंतिम गुण दोन रीतींनी काढतात: एका रीतीत दोन्ही क्विझ धरतात, दुसरीत चांगली गेलेली एकच क्विझ धरून एंडटर्मचे वजन वाढवतात, आणि दोहोंतला मोठा आकडा विद्यार्थ्याच्या नावावर पडतो. डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेस व्यवस्थापनाच्या विषयाच्या सत्रात क्विझच्या आदल्या रात्री आमच्या कामावर रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरात आणण्याचे काम, होते. पहाटे साडेचारला लॅपटॉप मिटला, हॉलतिकीट पर्समध्ये तसेच राहिले आणि दुपारची परीक्षा चुकली. दुसरी क्विझ आणि एंडटर्म यांच्या जोरावर त्या विषयात मला बी मिळाला. नोकरी करणाऱ्यांचे रविवार त्यांच्या हातात नसतात हे ज्यांनी ओळखले, त्यांनीच हे सूत्र केले असावे, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट मात्र पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी डोक्यातून काढून टाकावी, ती म्हणजे केटी. इथे केटी घेऊन पुढे सरकता येत नाही. यू मिळाला तर तो विषय पुन्हा घ्यायचा, त्याचे शुल्क पुन्हा भरायचे आणि सत्रभराचे स्वाध्याय पुन्हा सोडवायचे. शुल्क विषयागणिक भरायचे असल्यामुळे एकरकमी भुर्दंड बसत नाही, आणि उत्पन्न व प्रवर्गानुसार सवलतही आहे, पण चार विषय घेऊन दोन गमावण्यापेक्षा दोन घेऊन दोन्ही राखणे केव्हाही स्वस्त पडते.

मधल्या प्रमाणपत्रांबद्दल सुरुवातीला मी साशंक होते. पदवी सोडणाऱ्याच्या हातावर ठेवलेला कागद, अशी माझी समजूत होती. प्रोग्रॅमिंगचा डिप्लोमा पूर्ण होऊन ५९ क्रेडिट्स झाली, तेव्हा ती बदलली. मध्यंतरी एका कंपनीत अर्ज केला असताना तिथल्या एचआर विभागाच्या फॉर्मवर ‘टक्केवारी’ आणि ‘वर्ग’ हे दोनच रकाने होते, आणि अपूर्ण पदवी धरणार नाही असे मला फोनवर सांगण्यात आले. मी डिप्लोमा आणि विषयवार ग्रेडची गुणपत्रिका दोन्ही जोडून पुन्हा पाठवली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गुणपत्रिकेवर जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि डीबीएमएस या विषयांच्या ओळींवर बोट ठेवूनच प्रश्न विचारले. पदवी हाती नसतानाही त्या दोन ओळींना वजन होते, कारण त्यांच्यामागे केंद्रावर बसून दिलेली परीक्षा होती.

ज्यांना दोन-तीन वर्षांत हातात पदवीच हवी आहे, त्यांना मी हा अभ्यासक्रम सुचवणार नाही. ज्यांना आठवड्याचे २० तास खात्रीने काढता येतात आणि डिप्लोमा हा टप्पाही ज्यांच्या कामाचा आहे, त्यांना मी निःसंकोच सुचवीन. फाउंडेशनच्या गुणपत्रिकेवरचा माझा ई अजून तिथेच आहे. सप्टेंबरच्या सत्रासाठी मी मशीन लर्निंग फाउंडेशन्स आणि बिझनेस डेटा मॅनेजमेंट हे दोन विषय घेतले आहेत, आणि दोन्ही क्विझच्या आधीचे शनिवार आमच्या टीमच्या रिलीज कॅलेंडरवर आत्ताच रजा म्हणून लिहून ठेवले आहेत.