पिंगुळीचं अंगण की शहरातलं सभागृह?

दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षकखोलीत सहलीचा विषय निघतोच. यंदा ओळखीच्या एक-दोन शाळांमधून विचारणा झाली: मुलांना संग्रहालयही दाखवायचं आहे आणि तिथेच लोककलेचा एखादा खेळही बसून बघू द्यायचा आहे, तर कुठे न्यावं? प्रश्न रास्त आहे. नुसतं संग्रहालय म्हटलं की मुलं काचेला नाक लावून पुढे सरकत राहतात, आणि नुसता खेळ म्हटला की पालकसभेत कुणीतरी हमखास उठून म्हणतं, "यासाठी एवढा खर्च?" मी कोल्हापूरकडच्या एका शाळेत शिकवतो. पाचवी ते सातवीची सहल बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. शहरातही मुलं नेली आहेत आणि कोकणातल्या पिंगुळीलाही. त्या जोरावर लिहितो आहे. तुमचा पट, तुमचं अंतर आणि तुमचे मुख्याध्यापक वेगळे असतील, हे धरूनच वाचा.

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय काय किंवा पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय काय, तिथे काय आहे ते मी सांगायला नको. शहरांमधली संग्रहालयं हल्ली मुलांचा वेगळा विचार करू लागली आहेत. मुंबईच्या आवारात 2019 पासून मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. ठिकठिकाणी बाहुल्यांचे खेळ, गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम, वाद्यांची ओळख असं काही ना काही शाळांसाठी ठेवलेलं असतं. पिंगुळी म्हणजे कुडाळच्या अगदी जवळचं गाव. तिथल्या गुढीपूर वस्तीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराजवळच्या गोठ्याचं 2006 मध्ये संग्रहालय केलं. नाव ठाकर आदिवासी कला आंगण. चित्रकथी (म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, हे सगळं त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. 2021 मध्ये गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी पिंगुळीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आधी शहराच्या बाजूने बोलतो, कारण सोय तिकडे आहे हे उघड आहे. एकाच वेळी दोनशे मुलं आत घेतात. स्वच्छतागृहं पुरेशी, पिण्याचं पाणी, डबे खायला जागा, दिलेल्या वेळेला दार उघडतं आणि दिलेल्या वेळेला कार्यक्रम संपतो. पावती मिळते, आणि ती वेळेत मिळते. ज्याने कधी सहलीचा हिशेब कार्यालयात सादर केला आहे त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. व्हीलचेअरवरचं मूल असेल तर उतार, लिफ्ट यांची चौकशी करता येते. कार्यक्रमाआधी मुलांना वाचायला देण्यासाठी एखादं पान पाठवतात. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या शाळांना तर सकाळी जाऊन दुपारच्या सुट्टीपर्यंत परत येता येतं. पहिली-दुसरीची मुलं असतील तर माझाही कौल बहुधा शहरालाच पडेल. एवढ्या लहानग्यांना घाटातून नेणं जिवावर येतं.

पिंगुळीला जायचं तर आम्हाला घाट उतरावा लागतो. राधानगरीवरून फोंडा घाट किंवा आजऱ्याकडून आंबोली. कसंही गेलं तरी सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे आणि शेवटच्या बाकांवरची मुलं पिशव्या मागतातच. एसटीची शालेय सहलीची सवलत मिळते म्हणून खर्च आवाक्यात राहतो. पहाटे निघायचं, रात्री परत. संमतीपत्रं, परवानगी, प्रथमोपचाराची पेटी हे सगळं दोन्हीकडे सारखंच, त्यावर वेळ घालवत नाही.

पिंगुळीची खरी अडचण संख्येची आहे. ते एका कुटुंबाचं घर आणि अंगण आहे, सभागृह नाही. एक तुकडी नीट बसते. दोन नेल्या तर आलटून पालटून करावं लागतं: निम्मी मुलं खेळाला, निम्मी संग्रहालयात, मग उलट. मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न आम्ही वाटेतच, मोठ्या थांब्यावर सोडवून घेतो. आणि फोन आधी करावाच लागतो, कारण खेळ करणारी माणसं तीच. ती कुठे महोत्सवाला गेलेली असतील तर तुम्ही नुसतं संग्रहालय बघून परत येणार. पावसाळ्यात तर विचारही करू नका.

एवढं वाचून कुणी म्हणेल की मग शहरच बरं. मीही तसंच म्हटलं असतं. ज्या गोष्टीने माझं मत फिरलं ती वरवर किरकोळ आहे: पडदा. सावल्यांच्या खेळातला नव्हे, प्रोजेक्टरचा.

एका शहरातल्या संग्रहालयात (वर नावं घेतली त्यांच्यापैकी नाही, आणि नाव घेणारही नाही) आमची मुलं चित्रकथीच्या कार्यक्रमाला बसली होती. मोठं सभागृह, तीन-चार शाळा एकत्र. आता चित्रकथीचं चित्र केवढं असतं? साधारण फूटभर उंच, दीड फूट रुंद. सांगणारा ते हातात धरून कथा सांगतो. सहाव्या-सातव्या रांगेच्या मागे ते दिसणार नाही, हे संयोजकांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी कॅमेरा लावला होता आणि मंचाच्या वर भल्यामोठ्या पडद्यावर चित्र दाखवत होते. हेतू चांगलाच होता.

झालं असं की मुलं पडद्याकडे बघू लागली. सगळी. पहिल्या रांगेतलीसुद्धा, जिच्यापासून खरं चित्र आठ-दहा फुटांवर होतं. पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा बदलायचं. कलाकार "आणि मारुतीने शेपटी लांबवली" म्हणून पुढच्या चित्रावर जायचे आणि पडद्यावर अजून आधीचीच अशोकवाटिका असायची. मध्येच कॅमेऱ्याच्या माणसाने कलाकारांचा चेहरा जवळून घेतला, तेव्हा चित्र दिसेनासंच झालं. हुडूक, म्हणजे साथीचं छोटं चर्मवाद्य, माइकसमोर वाजला की सभागृहात नुसता घुमका भरायचा, टाळ तर ऐकूच यायचा नाही. एकदा कलाकार उठून मंचाच्या कडेपर्यंत आले, चित्र पुढे करून मुलांना काहीतरी विचारलं. मुलांच्या माना वरच. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि मागे जाऊन बसले.

मला ते फार लागलं. घरी टीव्हीवर जे दिसतं तेच मोठ्या आकारात बघायला मी मुलांना इतक्या लांब आणलं होतं का? जिवंत कार्यक्रम म्हणतो तो याचसाठी ना, की समोरचा माणूस आपल्याकडे बघतो आणि आपण त्याच्याकडे. निवेदिकाबाई दर थोड्या वेळाने "तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" विचारत होत्या, ते मी एरवी हसण्यावारी नेलं असतं. पडदा मात्र डोक्यातून गेला नाही. त्यानंतर शहरातले इतर कार्यक्रमही पाहिले. काही खरोखर देखणे होते, बाहुल्यांचे तर फारच. पण संख्या मोठी, म्हणून सभागृह मोठं, म्हणून पडदा आणि माइक, हे चक्र बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने दिसलं. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणणार नाही.

पिंगुळीला आमची मुलं जमिनीवर बसली होती, चित्रापासून हाताच्या अंतरावर म्हणावं इतकी जवळ. तिथे काय दिसलं ते सांगतो. चित्रांची एक चळत, तिलाच पोथी म्हणतात. एका पोथीत एक आख्यान. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक सांगून झालं की कागद उलटायचा आणि गोष्ट पुढे सरकते. मनगटाच्या एका हालचालीचं काम, पण मुलांना त्याचाच नाद लागला. कागद उलटायच्या आधी सांगणारा आवाज किंचित वर नेतो, थांबतो, आणि मग उलटतो. तिसऱ्या-चौथ्या चित्रानंतर मुलं त्या थांबण्याआधीच पुढे झुकू लागली. आमची एक मुलगी, वर्गात तोंड न उघडणारी, मोठ्याने म्हणाली, "आता रावण येणार." आला. सांगणाऱ्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढची ओवी तिच्याकडे बघतच म्हटली.

भाषा मराठीच, पण हेल कोकणातला. आमची मुलं आधी एकमेकांना कोपराने ढोसून हसली. बसमध्ये परतताना त्याच हेलात एकमेकांना हाका मारत होती.

सावल्यांच्या खेळानंतर मुलांना पडद्यामागे जाऊ दिलं. ही परवानगी प्रत्येक शाळेला मिळते का ते विचारून घ्या. आम्ही विनंती केली होती. चामड्याची बाहुली उजेडासमोर धरली की तिचे रंग दिसतात आणि बाजूला घेतली की ती मळकट, तपकिरी कातडं होते, हे मुलांनी आपल्या हातांनी उलटसुलट करून पाहिलं. विज्ञानाच्या बाईंना पुढच्या आठवड्यात पारभासक वस्तू शिकवायच्या होत्या, त्यांचं निम्मं काम तिथेच झालं. हे शहरात होत नाही अशातला भाग नाही, पण दोनशे मुलांना मंचामागे सोडायचं म्हटलं तर कुठल्याही व्यवस्थापकाला घाम फुटेल.

आणखी एक फरक, जो मला आधी लक्षातच आला नव्हता. शहरात संग्रहालय आणि खेळ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. खेळ करणारी मंडळी बाहेरून बोलावलेली, दालनांमधल्या वस्तूंशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. पिंगुळीला भिंतीवरची जुनी चित्रं आणि समोर हातातली चित्रं एकाच घरातली. मुलांनी विचारलं, ही कुणी काढली, तर उत्तरात आजोबा-पणजोबा आले. सावंतवाडी संस्थानाने या लोकांना आश्रय दिला, देवळांत यांचे जागर व्हायचे, ही माहिती मी वर्गात फळ्यावर लिहून दिली असती तर परीक्षेपुरती राहिली असती.

तिसरा मार्ग बरेच जण सुचवतात: कलाकारांनाच शाळेत बोलवा. स्वस्त पडतं, घाट नाही, परवानगीची कटकट नाही. आम्ही करून पाहिलं, दुसऱ्या एका चमूबरोबर. कार्यक्रम चांगला झाला, पण प्रार्थनेच्या सभागृहात, मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत. मुलांच्या लेखी तो एक ऑफ तास होता. आणि शाळेत बोलावलं की सगळी शाळा बसवायचा मोह कुणालाच आवरत नाही. म्हणजे परत तीच गर्दी, तोच माइक. ज्या शाळांना प्रवास शक्यच नाही त्यांनी जरूर करावं, फक्त एकेका वर्गासाठी वेगळे खेळ ठेवावेत आणि मानधन त्या हिशेबाने द्यावं.

पुण्याकडच्या शाळांसाठी एक मधला पर्याय सुचतो. केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रं आहेत, पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी. ती आधी दाखवून ठेवा, मुलांना वहीत एखादं उतरवून घेऊ द्या. त्यानंतर त्याच वर्षी नाहीतर पुढच्या वर्षी पिंगुळी. काचेमागे गप्प बसलेलं चित्र कशासाठी काढलं होतं ते तिथे कळेल. उलटा क्रमही चालेल, पण मला वाटतं हाच बरा.

खर्चाचं म्हणाल तर आमच्यासाठी पिंगुळी स्वस्त पडली, कारण मुंबईला रात्रीचा प्रवास किंवा मुक्काम लागतो. पुणेकरांचं गणित बरोबर उलटं येईल. मुंबईकरांना कोकण रेल्वेने कुडाळला उतरता येतं, पण मग मुक्काम आलाच. तो करणार असाल तर सोबत सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि मोती तलाव जोडून घ्या, म्हणजे पालकही कुरकुरणार नाहीत.

तेव्हा पाचवीच्या पुढची, एक किंवा फार तर दोन तुकड्यांची सहल असेल आणि दिवसभराचा प्रवास झेपत असेल, तर मी पिंगुळीच म्हणेन. पट मोठा आहे, मुलं लहान आहेत किंवा शिक्षक कमी आहेत, तर शहरातला कार्यक्रम बिनदिक्कत घ्या. फक्त नोंदणीचा फोन कराल तेव्हा विचारा की खेळ सुरू असताना मंचावर प्रोजेक्टर लावता का. लावत असतील तर तो आमच्या सत्रापुरता बंद ठेवा म्हणावं आणि मुलांना पुढच्या चार रांगांमध्येच जागा द्या. हो-ना करू लागले तर संख्या कमी करून दोन सत्रं मागा. थोडे जास्त पैसे पडतील, पण ती घासाघीस करण्यासारखी आहे.