महापेची ई-वेस्ट सर्व्हिस: पैसे कमी, पण माल नीट ठेवतात

आधीच सांगतो, जुनं इलेक्ट्रॉनिक सामान (ई-वेस्ट) पैशांसाठी देणार असाल तर इथे देऊ नका, दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला बोलवा, तो जास्त देतो. त्याला परवडतं कारण वायरी उघड्यावर जाळून तांबं काढायचं, सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये टाकून सोनं काढायचं, आणि धूर नि ॲसिडचं पाणी शेजाऱ्यांच्या माथी. ह्या महापेच्या लोकांना एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी, रजिस्टर, कामगारांचे मास्क सगळंच सांभाळायचं असतं, मग रेट कुठून देणार.

आमच्या कोपरखैरणेच्या सोसायटीतून जुने सीपीयू, डबा टीव्ही, सीसीटीव्हीचे बंद पडलेले डीव्हीआर आणि गोण्या भरून चार्जर असं बरंच काय काय गेलं. पिकअपची बोंब आहे. सकाळचा स्लॉट, फोन केला की "सर निघालाय गाडीवाला", आणि टेम्पो उगवला संध्याकाळी, तोपर्यंत वॉचमन बदललेला, गेटवर परत सगळं पहिल्यापासून समजवा. ह्याचा एक स्टार कापला.

पण ठाणे-बेलापूर रोडने आत महापे एमआयडीसीत त्यांचं गोडाऊन मुद्दाम बघून आलो आणि ते खरंच आवडलं. खाली पक्की सिमेंटची जमीन, वर छप्पर, टीव्हीच्या पिक्चर ट्यूब न फोडता क्रेटमध्ये उभ्या ठेवलेल्या. त्या काचेत शिसं असतं, फुटून पावसात पडल्या की ते झिरपणार जमिनीत, आणि आपल्याकडचा जुलै काय असतो ते सांगायला नको. फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्या वाळू भरलेल्या लोखंडी ड्रममध्ये, सगळ्या मालापासून लांब. एक ताई लॅपटॉपच्या बॅटऱ्या मांडीवर घेऊन एकेकीच्या टोकांना टेप चिकटवत होत्या, "शॉर्ट झाली ना दादा, की अख्खं गोडाऊन पेटेल" म्हणाल्या. गोडाऊन बघायचं असेल तर आधी बॅटऱ्या बघा, बाकी सगळं आपोआप कळतं.

पॅलेटवर आवक तारखेच्या चिठ्ठ्या आहेत. 1 एप्रिल 2023 पासून ई-वेस्टचे जे नवे नियम लागू झाले त्यात माल साधारण 180 दिवसांच्या वर साठवून ठेवता येत नाही, त्यासाठी. कोपऱ्यातल्या एकदोन पॅलेटवर मात्र चिठ्ठीच नव्हती, विचारलं तर सुपरवायझर नुसता हसला. बोर्डातून धातू इथे काढत नाहीत, फक्त सुटं करतात आणि पुढे मोठ्या रिसायकलरला पाठवतात, हे त्याने न विचारता सांगितलं, ते बरं वाटलं.

हार्ड डिस्क समोर उभं राहून फोडून घेता येतात, सीरियल नंबर लिहून घेतात. एसएसडी (चिपवाली नवी डिस्क) असेल तर तुकडे होताना स्वतः बघा, कारण तिच्यावरचा डेटा पुसायला हार्ड डिस्कसारखा चुंबकाचा काही उपयोग नाही, आणि नुसतं एक भोक पाडलं तर आतली एखादी चिप शाबूत राहू शकते. डिस्क फोडल्याचं सर्टिफिकेट दोनदा आठवण केल्यावर आलं, तेही सोसायटीचं नाव चुकवून, मग परत मेल.

ट्यूबलाइट घेतात, पण खोक्यात घालून द्या, आत पारा असतो. फ्रिज-एसीला वेगळी गाडी लागते, आधी सांगून ठेवा, आणि स्प्लिट एसी काढताना मेकॅनिकला गॅस हवेत सोडू देऊ नका, पंपडाऊन करायला लावा, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करायला, पुढे हे लोक मशीनने तो सिलेंडरमध्ये ओढून घेतात.