टेपखाली कलमच नव्हतं

नर्सरीत आगाऊ पैसे भरून वसंतातल्या लागवडीची रोपं राखून ठेवणार असाल, तर आधी हे वाचा. माझं नुकसान नुसत्या रोपांच्या पैशांचं नाही. लागवडीचा आख्खा हंगाम हातचा गेला, आणि आंब्याचं वेळीच कळलं नसतं तर वर्षानुवर्षं मी चुकीच्या झाडाला पाणी घालत बसले असते. ज्या युक्त्या माझ्यावर चालवल्या त्या फार साध्या आहेत, म्हणूनच त्या कुठेही चालतात.

थंडी सरायच्या आत मी यादी केली होती. सकाळचं ऊन कुठे पडतं, दिवसभराचं कुठे, भिंतीच्या सावलीत काय जगेल, हे सगळं बघून. जवळच हरितगृह असलेली नर्सरी होती. मालकाने आपणहून आत फिरवलं. फुललेले गुलाब दाखवून म्हणाला, ‘‘ताई, याच झाडांचे डोळे भरलेत. वसंतात तयार कलमं देतो, नावासकट.’’ (डोळा भरणं म्हणजे हव्या झाडाचा अंकुर सालीसकट काढून दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवणं.) कलमी आंबा, ठरावीक जातींचे गुलाब, मोठ्या पिशवीतली जास्वंद आणि पेटुनियाचे ट्रे असं सगळं त्याने वहीत लिहून घेतलं, विसार घेतला आणि पावती दिली. पावतीवर शब्द होते: ‘मिश्र रोपे’. पुढे रक्कम आणि सही. त्या दोन शब्दांनी त्याची किती सोय करून ठेवली होती ते पुढे सांगते.

रोपं न्यायच्या दिवशी फाटकापाशी रांग होती. वसंतात बऱ्याच नर्सरींत हेच असतं. थोड्या आठवड्यांत हंगामाची विक्री उरकायची असते, त्यामुळे गिऱ्हाइकाला रोप निरखायला कोणी थांबू देत नाही. आमची रोपं आधीच क्रेटमध्ये भरून ठेवली होती. प्रत्येकाला चिठ्ठी, आंब्याच्या खोडाला मातीपासून वीतभर उंचीवर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, गुलाब छाटलेले. ‘‘छाटून दिलेत म्हणजे जोमाने फुटतील,’’ असं सांगितलं. ऐकायला पटणारं होतं, कारण छाटणीनंतर गुलाब फुटतो हे खरंच आहे.

आधी आंब्याचं सांगते. कलम एकजीव झालं की पट्टी काढावी लागते, नाहीतर खोड फुगतं आणि पट्टी सालीत रुतते. म्हणून काही आठवड्यांनी मी पट्टी सोडायला घेतली. चार-पाच वेढे निघाले. खाली सलग, गुळगुळीत खोड. पट्टी आवळलेल्या जागी फिकट हिरवी कडी उमटली होती, आणि एका बाजूला पात्याने मारलेली आडवी खूण. सालीपुरतीच, आत लाकडाला पातं टेकलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या रोपाची पट्टी सोडली, तिथे तर तेवढी खूणही नाही. बाठा रुजवून आलेल्या रोपाला नुसती पट्टी गुंडाळली होती.

खरं कलम कसं दिसतं ते सांगते, म्हणजे फरक कळेल. कलमात खालचा खुंट एका झाडाचा आणि वरची काडी दुसऱ्या झाडाची असते. कोवळ्या रोपात दोघांचा सांधा सहसा लपत नाही. तिथे थोडी गाठ किंवा फुगवटा असतो, खोड जरासं वाकून वर जातं, सांध्याच्या खालची आणि वरची साल रंगाने, पोताने वेगळी दिसते. पाचर कलम असेल तर खुंटात पाचर बसवल्याची व्हीसारखी रेघ दोन्ही बाजूंना दिसते. माझ्या रोपांत खालपासून वरपर्यंत एकच साल होती.

यात बिघडलं काय, असं कोणी विचारेल. कलमी आंबा साधारण ३-४ वर्षांत फळाला लागतो. बाठ्याच्या रोपाला त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहूनही जास्त काळ जातो. शिवाय आंब्याच्या काही जातींत एका बाठ्यातून एकच अंकुर येतो आणि तो परागीकरणातून झालेला असतो. ते झाड मूळ झाडासारखं निघेल याची काहीच खात्री नसते. एका बाठ्यातून अनेक अंकुर देणाऱ्या जातींत बरेचसे अंकुर मूळ झाडासारखे असतात, हेही खरं. पण त्याने मला नाव सांगितलं होतं ते एकअंकुरी जातीचं. म्हणजे चिठ्ठीवरच्या नावाला काही अर्थच उरला नव्हता.

गुलाबांची फसवणूक जास्त धूर्त होती, कारण तिथे डोळा खरोखरच भरलेला होता. फक्त तो मेलेला होता. कोंब भरभर फुटले तेव्हा आम्हाला आनंद झाला. पुढे ते लांब, लवचीक झाले आणि पानं बारीक दिसायला लागली. जवळ बसून माती बाजूला केली तर एकूण एक फुटवा सांध्याच्या खालून, खुंटातून आला होता. सांध्यावर टी आकाराच्या चिरेत डोळ्याचा तुकडा होता. तपकिरी, वाळलेला, नखाने सहज निघून आला. कळी येईपर्यंत वाट पाहिली असती तर खुंटाची लहान रानटी फुलं आली असती, तीही आली तर. डोळा न धरलेली रोपं नर्सरीत दर हंगामात निघतातच. ती पुन्हा डोळा भरायला वापरायची असतात. इथे ती छाटून, नाव चिकटवून माझ्या क्रेटमध्ये घातली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गुलाबाच्या पानात सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) दिसल्या की तो रानटी फुटवा, असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. कित्येक जातिवंत गुलाबांनाही सात पर्णिका असतात. फुटवा सांध्याच्या वरून आलाय की खालून, एवढंच बघायचं.

त्याच दिवशी रांगेत माझ्या पुढच्या बाईंनी निळ्या गुलाबाचे पैसे भरले होते. चिठ्ठीवर गडद निळ्या फुलाचा फोटो. गुलाबात निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य मुळात तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या वनस्पतीचा जनुक घालून ते गुलाबात आणलं. २००४ साली तशी घोषणा झाली आणि २००९ साली जपानमध्ये ती फुलं विकायला आली. तीसुद्धा फिकट जांभळीच आहेत. बाजारात दिसणारी गडद निळी फुलं रंगवलेली असतात. निळ्या गुलाबाचं रोप आणि निळ्या गुलाबाचं बी हा सरळ धंदेवाईक खोटेपणा आहे, आणि ते विकणाऱ्याच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवरही विश्वास ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जास्वंदीचे पैसे पिशवीच्या मापावर लावले होते. मोठी पिशवी म्हणजे जुनं, मुरलेलं झाड, असा हिशोब. लावताना पिशवी कापली तर सैल माती भसकन खाली पडली आणि मधे काळी लहान पिशवी जशीच्या तशी! ती काढण्याचेही कष्ट घेतले नव्हते. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली, तळाशी त्यांचं जाड वेटोळं झालेलं. झाड मोठं नव्हतंच, पिशवी तेवढी मोठी होती. असं रोप तसंच जमिनीत लावलं तर मुळं वेटोळ्यातच वाढत राहतात आणि पुढे खोडालाच आवळतात. मी वेटोळं उभं चिरून, मुळं मोकळी करून लावलं. ती जगली आहेत, पण पैसे भरलेल्या झाडाएवढी व्हायला त्यांना वेळ लागणार.

पेटुनियाबद्दल थोडक्यात. ‘उन्हाला सरावलेली’ म्हणून दिलेली रोपं थेट हरितगृहातून उचललेली होती. आतल्या दमट, झाकल्या उजेडात वाढलेल्या रोपाला बाहेर न्यायचं तर आठवडाभर ते दोन आठवडे रोज थोडं थोडं ऊन आणि वारा द्यावा लागतो. न सरावलेली पानं उन्हात पांढरी पडून करपतात. माझे ट्रे असेच गेले.

हे सगळं फोटोंसह घेऊन मी नर्सरीत गेले. मालक म्हणाला, ‘‘ताई, झाड जिवंत दिलं होतं ना? फाटकाबाहेर गेलं की ऊन-पाणी तुमचं.’’ मी म्हटलं, ‘‘दादा, ऊन-पाण्याने कलमाचा सांधा नाहीसा होत नाही.’’ त्यावर त्याने पावती पुढे केली. ‘‘यात कलम कुठे लिहिलंय? मिश्र रोपे लिहिलंय.’’ वही मागितली तर वही घरी राहिली होती. शेवटी पट्टी सोडलेलं आंब्याचं रोप मी इतर गिऱ्हाइकांसमोर टेबलावर ठेवलं, तेव्हा त्याने आंब्याचे पैसे परत दिले. गुलाबांच्या बदल्यात ‘दुसरे घेऊन जा’ म्हणाला. ते त्याच वाफ्यातले होते. मी घेतले नाहीत, आणि गुलाबांचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

तुम्ही आगाऊ नोंदणी करणार असाल तर पावतीवर प्रत्येक रोपाची जात, ते कलम आहे, छाटापासूनचं (फांदीचा तुकडा रुजवून केलेलं) आहे की बियांपासूनचं, आणि पिशवीचं माप हे लिहून मागा. प्रामाणिक नर्सरीवाला कुरकुर करेल, पण लिहून देईल. लिहायलाच नकार दिला तर विसार देऊ नका. आणि पपईसारख्या झाडाची ‘खात्रीची मादी रोपं’ कोणी देऊ केली, तर ती फक्त मादी व उभयलिंगी झाडं देणाऱ्या जातीची आहेत का ते विचारा. नर-मादी वेगळे असलेल्या जातीचं रोप लहानपणी नुसतं बघून ओळखता येत नाही.

रोपं उचलायला भर गर्दीच्या सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. मधल्या वारी सकाळी जा, आणि क्रेट गाडीत चढवण्यापूर्वी रोपं बघा. कलमाला पट्टी असेल तर तिच्या खालची आणि वरची साल ताडून बघा. शंका आली तर मालकालाच एक पट्टी सोडायला सांगा. सांधा जुळलेला असेल तर पट्टी सोडल्याने काही बिघडत नाही, आणि ‘अजून जुळला नाही’ असं तो म्हणाला तर ते रोप विक्रीला तयारच नाही. गुलाब छाटलेला असेल तर सांध्याच्या वर निदान एक हिरवा, जिवंत फुटवा हवाच. मोठ्या पिशवीतलं रोप बुंध्याशी धरून हलकेच हलवा. नुकतं भरलेलं असेल तर खोड सैल डोलतं. कुंडीतलं रोप उपडं करून मुळं बघू द्या म्हणा. पांढरी, ताजी मुळं मातीला धरून असतील तर उत्तम. मुळांवर गाठी दिसल्या आणि त्या बोटाने निघत नसतील तर बहुधा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत आहेत. असं रोप फुकट मिळालं तरी घरी आणू नका, कारण तुमची माती बिघडेल. बाकी रोपंही पहिले दोन-तीन आठवडे जुन्या झाडांपासून लांब ठेवा. पानांच्या बेचक्यातला पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) खरेदीच्या दिवशी दिसेलच असं नाही.

ज्यांनी या वसंतासाठी पैसे आधीच भरले आहेत त्यांनी पावती आजच काढून बघा. तिच्यावर नुसतं ‘रोपे’ लिहिलं असेल तर जातींची पूर्ण यादी मालकाला फोनवर लिहून पाठवा आणि त्याचा होकार लेखी घ्या. घरी आणल्यावर लावण्यापूर्वी प्रत्येक रोपाचा चिठ्ठीसकट, बुंधा दिसेल असा फोटो काढा. मला आंब्याचे पैसे मिळाले त्यात टेबलावर ठेवलेल्या रोपासोबत अशाच एका फोटोचाही हात होता, ज्यात त्याची चिठ्ठी आणि त्याची पट्टी एकत्र दिसत होती.