बल्ब टिकवणारी चकती आणि गायब झालेला उजेड

बल्बचं आयुष्य कित्येक पटींनी वाढवते म्हणून जी चकती गळ्यात मारली जाते, ती विकताना खोटं फारसं बोलावंच लागत नाही. माणसं फसतात ती त्यामुळेच.

विकणारा १०० वॅटचा तारेचा बल्ब वॅटमीटरवर लावतो. आकडा शंभराच्या आसपास. मग बल्बच्या बुडाला शर्टाच्या गुंडीएवढी चकती चिकटवून तो पुन्हा होल्डरमध्ये बसवतो. आकडा ५७-५८. हात जवळ नेऊन बघा म्हणतो, धगही कमी. वीज कमी लागते हे खरं, बल्ब टिकेल हेही खरं. शेजारी साधा ४० चा बल्ब मात्र तो कधीच लावून दाखवत नाही.

चकतीत असतो एक डायोड, बस्स. तो विजेच्या प्रत्येक आवर्तनातला अर्धा भाग अडवतो, त्यामुळे फिलामेंट, म्हणजे बल्बातली तार, २३० ऐवजी सुमारे १६३ व्होल्टवर असल्यासारखं जळतं. वीज ५७ टक्क्यांवर येते, पण उजेड घसरतो तो थेट ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरचा बल्ब ५७ वॅट खाऊन चाळीसच्या बल्बाएवढा उजेड देतो, तोही तांबूस आणि थरथरता. चकती फेकून ४० चा बल्ब लावला तर तेवढ्याच उजेडात १७ वॅट वाचतात.

आयुष्याचं गणितही याच खोबणीत बसतं. व्होल्टेज नुसतं ५ टक्के उतरलं तरी तारेचा बल्ब जवळजवळ दुप्पट टिकतो, उजेड मात्र साधारण १६ टक्के जातो. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा बल्ब विक्रेत्यांचा लाडका दाखला आहे. तो जेमतेम ४ वॅटवर मिणमिणतो, हे सांगायचं राहून जातं.

चकती आधीच घेतली असेल तर मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचं छोटं यंत्र) डायोडच्या खुणेवर ठेवून दोन्ही बाजूंना टोकं लावा. एका दिशेने ०.५ ते ०.७ आणि उलट दिशेने काहीच नाही, असं दिसलं तर आत डायोडच आहे.

एलईडी बल्बला ही चकती लावणं तर निव्वळ नुकसान. ड्रायव्हर म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं आतलं सर्किट. त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सेकंदाला १०० वेळा भरायचा, तो आता ५० वेळाच भरतो. उजेड फडफडतो आणि कपॅसिटर जास्त तापतो. स्वस्त बल्बात ड्रायव्हरऐवजी विजेच्या वाटेत नुसता एक कपॅसिटर असतो. त्यात चकती लावली की बल्ब पेटतच नाही.

दुसरी फसवणूक जास्त चलाख आहे: मेलेला एलईडी बल्ब नवा म्हणून विकणं. आतले उजेड देणारे चिप्स एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जळला की सगळा बल्ब बंद. जळलेल्या चिपवर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. त्यावर सोल्डरचा थेंब टाकून दोन्ही टोकं जोडली की बल्ब पुन्हा पेटतो. पण त्या चिपच्या वाट्याचं व्होल्टेज आता ड्रायव्हरच्या आयसीवर (वीज आवरणाऱ्या चिपवर) पडतं, आयसी तापतो, आणि ज्या उष्णतेने आधीचा चिप जळला तो मूळ दोष तसाच राहतो. घेताना पांढऱ्या टोपीची कड बघा: खरवडल्याच्या खुणा, ओघळलेला गोंद. पेटवल्यावर टोपीवर एखादा काळपट डाग पडतो का तेही बघा.

वॅट छापील आकड्याइतके आहेत का, हे विजेच्या मीटरवर कळतं. मीटरवर युनिटला ३२०० स्पंदनं लिहिली असतील तर घरातलं बाकी सगळं बंद करून एकच बल्ब लावा. ९ वॅटला मीटरचा दिवा दर १२५ सेकंदांनी लुकलुकतो. २२५ सेकंद लागले तर हातात ५ वॅटचा बल्ब आहे.

खोक्यावरचे २५,००० तास हा बहुधा चिपचा आकडा असतो, तोही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा. त्याआधी मरतो तो ड्रायव्हर. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून बंद काचेच्या गोळ्यात एलईडी बल्ब कोंडू नका. आणि बसवतानाच बुडाजवळ मार्करने तारीख घाला. हमीच्या मुदतीत बल्ब गेला की दुकानदाराशी वाद घालायला ती तारीख आणि पावती, एवढंच हाती असतं.