ऑक्टोबरसाठी कोणतं बुलपेन निवडाल?

ऑक्टोबरमधल्या प्लेऑफचे अंदाज बांधताना बुलपेनला, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर (चेंडू टाकणाऱ्यानंतर) येणाऱ्या बदली पिचरांच्या ताफ्याला, किती महत्त्व द्यायचं, यावर बेसबॉलवेड्यांत दर सप्टेंबरला वाद रंगतो. माझं मत आधीच सांगतो. प्लेऑफमध्ये कोण पोहोचणार, हे ठरवायला बुलपेन हा कच्चा पुरावा आहे. पोहोचल्यावर कोण टिकणार, हे ठरवायला मात्र तो पक्का आहे. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की अंदाज फसतो.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एक खुलासा. बुमराह नव्या चेंडूवर दोन षटकं टाकून डेथ ओव्हर्सना परत येतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून बाहेर काढलेला पिचर परत येऊच शकत नाही. सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर जास्त, आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग टाकून गेला की उरलेला सामना बुलपेनमधल्या रिलीव्हरांच्या हाती जातो, आणि आघाडी राखून सामना संपवणाऱ्या क्लोजरच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. खाली ईआरए म्हणतोय तो पिचरने दर नऊ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावर दिलेल्या धावांचा आकडा. जितका कमी तितका चांगला.

सर्वोत्तम बुलपेनच्या वादात तीन नावं हमखास येतात. १९९० चे सिनसिनाटी रेड्स, १९९६ चे न्यूयॉर्क यांकीज आणि २०१४ चे कॅन्सस सिटी रॉयल्स.

रेड्सच्या रॉब डिबल, नॉर्म चार्लटन आणि रँडी मायर्स या तिघांना ‘नॅस्टी बॉइज’ म्हणत. रेड्सने हंगामात ९१ सामने जिंकले होते आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, समोर १०३ विजय मिळवलेला ओकलंडचा संघ होता. रेड्सने ४-० असा धुव्वा उडवला. त्या चार सामन्यांत त्यांच्या बुलपेनने १३ इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. दुसऱ्या सामन्यात तर सुरुवातीचा पिचर तिसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर गेला, तरी मागच्यांनी दहाव्या इनिंगपर्यंत ओकलंडला रोखून धरलं. या बुलपेनबद्दल मला नितांत आदर आहे. पण मालिकावीर ठरला सुरुवातीचा पिचर होझे रिहो, आणि ते योग्यच होतं.

रॉयल्सची रचना वेगळी होती. सातवी इनिंग केल्व्हिन हेरेराची, आठवी वेड डेव्हिसची, नववी ग्रेग हॉलंडची. २०१४ मध्ये तिघांचे ईआरए अनुक्रमे १.४१, १.०० आणि १.४४ होते. हेरेरा आणि डेव्हिस यांनी हंगामभरात एकही होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) दिला नाही. सहा इनिंगनंतर रॉयल्स पुढे असतील तर प्रतिस्पर्ध्याचा सामना जवळपास संपलेलाच असायचा. त्यांचं दुर्दैव वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात दिसलं. या तिघांनी मिळून पाच इनिंगहून जास्त टाकल्या, तिघांच्याही खात्यावर धाव नाही, तरी संघ ३-२ असा हरला. कारण समोर मॅडिसन बमगार्नरने दोनच दिवसांच्या विश्रांतीवर पाच इनिंग बिनधावेच्या टाकल्या. बुलपेन पिछाडी वाढू देत नाही, पण धावा काढून देत नाही.

यांकीजकडे क्लोजर होता जॉन वेटलँड, ४३ सेव्हचा. त्याच्या आधी यायचा मारियानो रिव्हेरा, तेव्हा क्लोजर नसलेला, सातवी-आठवी सांभाळणारा. १०७ हून अधिक इनिंग, १३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), ईआरए २.०९. सहा इनिंगनंतर आघाडीवर असताना त्या संघाने ७० सामने जिंकले आणि फक्त ३ गमावले. वर्ल्ड सिरीजमधले चारही विजय वेटलँडने सेव्ह केले आणि मालिकावीर तोच ठरला.

मला निवडायला सांगितलं तर मी यांकीज घेईन. आकडे रॉयल्सचे जास्त देखणे आहेत, मान्य. पण रॉयल्सला सहसा तीन इनिंगसाठी तीन माणसं लागत. रिव्हेरा एकटा दोन इनिंग खाऊन जायचा, त्यामुळे मॅनेजर जो टोरे यांच्याकडे आणखी हात शिल्लक राहायचे. लागोपाठच्या दिवशी सामने असताना हा फरक फार मोठा ठरतो.

आता प्लेऑफला पोहोचण्याच्या शर्यतीकडे. २००३ च्या डॉजर्सचा एरिक गान्ये ५५ पैकी ५५ सेव्ह करून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. संपूर्ण बुलपेनचा ईआरए अडीचच्या आत. तरी संघ ८५ विजयांवर थांबला आणि प्लेऑफला मुकला, कारण त्या वर्षी मेजर लीगमध्ये सर्वांत कमी धावा त्यांच्याच होत्या. १६२ सामन्यांच्या हंगामात चांगला रिलीव्हर साठ-सत्तर इनिंग टाकतो, तर चांगला सुरुवातीचा पिचर त्याच्या अडीचपट. इतक्या लांब पल्ल्यात क्लोजरचं वजन कमी पडतं.

एका धावेचे सामने जिंकण्याची कला बुलपेनमुळे येते आणि पुढेही टिकते, असंही मानलं जातं. २०१२ च्या बाल्टिमोर ओरिओल्सने असे सामने २९-९ असे जिंकले आणि ९३ विजयांसह वाइल्ड कार्ड, म्हणजे गटविजेता नसतानाही प्लेऑफची जागा, मिळवलं. पुढच्या वर्षी क्लोजर जिम जॉन्सनच्या नावावर पुन्हा ५० सेव्ह लागले, पण एका धावेच्या सामन्यांचा हिशेब २०-३१ झाला. अंदाज करताना या आकड्यावर मी पैजेचा एक रुपयाही लावणार नाही.

थकवा मात्र जरूर मोजा. २०११ च्या अटलांटा ब्रेव्ह्जकडे ओ’फ्लाहर्टी, व्हेंटर्स आणि किंब्रेल होते, त्या वर्षीचं बहुधा सर्वांत धारदार त्रिकूट. व्हेंटर्स ८५ सामन्यांत उतरला, इतर दोघं जवळपास ऐंशी-ऐंशी. गुणतक्त्यातली सप्टेंबरच्या सुरुवातीची साडेआठ सामन्यांची आघाडी विरत गेली. २८ सप्टेंबरला, शेवटच्या सामन्यात, किंब्रेलला नवव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी राखता आली नाही, तेराव्यात ब्रेव्ह्ज हरले आणि प्लेऑफमधली त्यांची जागा घेणारे कार्डिनल्स पुढे विजेते झाले. फलंदाजीही आटली होती हे खरं. पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये ईआरए पाहून ब्रेव्ह्ज निवडणाऱ्याने सामन्यांची संख्याही पाहायला हवी होती.

यावर कुणीही २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स पुढे करील. बुलपेनचा ईआरए साडेपाचच्याही वर, मेजर लीगच्या दोन भागांपैकी नॅशनल लीगमध्ये सर्वांत वाईट, तरी विजेते. माझ्या मते हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते बुलपेन जवळजवळ बाजूलाच ठेवलं. मधल्या सुट्यांमुळे शॉन डूलिटल, जुलैअखेर आणलेला डॅनियल हडसन आणि गरजेला सुरुवातीचे पिचर एवढ्यांवर भागलं. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात सुरुवातीचा पिचर पॅट्रिक कॉर्बिनने मधल्या तीन इनिंग बिनधावेच्या टाकल्या आणि शेवट हडसनने केला. म्हणून प्लेऑफसाठी संघ निवडताना आठ जणांच्या बुलपेनची सरासरी बाजूला ठेवा. त्यातले सर्वोत्तम तीन कोण, त्यांपैकी दोन इनिंग कोण टाकू शकतो आणि सप्टेंबरात ते किती वेळा वापरले गेले, एवढं तपासा. प्लेऑफला कोण पोहोचणार हा प्रश्न असेल तर सुरुवातीचे पिचर आणि काढलेल्या व दिलेल्या धावांचा फरक बघा, क्लोजरचं नाव शेवटी.