टीव्हीहेडएंड आणि जेलीफिन : आठ महिन्यांनंतर

सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या बाबांना चुकवायच्या नसतात, आणि नेमके सातलाच ते डेअरीत दूध घालायला गेलेले असतात. त्या रेकॉर्ड करून नंतर दाखवायच्या, टीव्हीहेडएंड आणि जेलीफिन या दोन सॉफ्टवेअरचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

घरावर फ्री डिशची छत्री होतीच. खाजगी डीटीएच असतं तर विषय तिथंच संपला असता. त्यांचे चॅनल त्यांच्याच बॉक्सवर उघडतात. फ्री डिशचे बहुतेक मोकळे. तेव्हा छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरवर घेणारा एक यूएसबी ट्यूनर मागवला आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं.

आधी प्लेक्स पाहिलं, घरातले व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर. देखणं आहे, पण टीव्ही रेकॉर्ड करायचा तर प्लेक्स पासचे पैसे भरा. तशाच एम्बीचंही तेच. एम्बीनं आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणं बंद केलं तेव्हा, 2018 मध्ये, त्यातूनच जेलीफिन फुटून निघालं. ते पूर्ण फुकट, पण यूएसबी ट्यूनरशी थेट बोलत नाही. म्हणून रेकॉर्डिंगला टीव्हीहेडएंड, बघायला जेलीफिन.

टीव्हीहेडएंडनं दोन संध्याकाळी खाल्ल्या. नेटवर्क, त्यात मक्स (एकाच फ्रिक्वेन्सीवरून येणारा चॅनलांचा गठ्ठा), त्यात सर्व्हिस (गठ्ठ्यातला एकेक प्रवाह), आणि ती जोडल्यावर कुठं चॅनल. ही उतरंड डोक्यात बसेपर्यंत स्कॅन होऊनही पडदा काळाच. एकदा बसली की मात्र मजा आहे: एकाच मक्सवरचे चॅनल असतील तर एक ट्यूनर ते सगळे एकदम रेकॉर्ड करतो. फ्री डिशच्या कार्यक्रम-पत्रकावर मी विसंबत नाही. रोज सातचा टायमर, पाच मिनिटं आधी, दहा मिनिटं नंतर. तासाला साधारण एक जीबी जागा जाते.

पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून हॉलमधला सेट टॉप बॉक्स काढून टीव्हीही त्याच ट्यूनरवर घेतला होता. आई पिक्चर बघत होती, सात वाजायला पाच मिनिटं असताना ट्यूनर बातम्यांच्या मक्सवर गेला आणि ऐन मारामारीत पिक्चर गुल. "तुझ्या त्या डबड्यानं माझा पिक्चर पळवला," हे अजून ऐकतोय. दुसऱ्या दिवशी छत्रीला दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), एक केबल ट्यूनरला, आईला तिचा बॉक्स परत.

जेलीफिनवर रेकॉर्डिंग छान दिसतं, बाबा मोबाइलवरही बघतात. लाइव्ह चॅनल बदलायला मात्र सात-आठ सेकंद. लाइव्हच बघायचं असेल तर कोडी हा प्लेअर टाका, ते टीव्हीहेडएंडशी थेट जोडतं आणि झटकन बदलतं.

जुलैत धो धो पावसात फाइल उघडली की नुसते चौकोन, आणि लॉगमध्ये कंटिन्युइटी एररची, म्हणजे सिग्नलचे तुकडे गळाल्याच्या नोंदींची, रांग. त्या दिवशी बाबा रेडिओ लावतात.