फ्लिपचार्ट, पुस्तिका की ऑडिओ क्लिप? बडोद्यातल्या मराठी घरांसाठी एचआयव्हीच्या औषधांची माहिती

पैसे एकाच साधनापुरते असतील तर फ्लिपचार्ट, म्हणजे पानं उलटत समजावायचा चित्रांचा तक्ता करा. दोन जमत असतील तर जोडीला पर्समध्ये मावेल अशी पुस्तिका. ऑडिओ क्लिप सगळ्यांत स्वस्त वाटते, पण नीट करायला सगळ्यांत अवघड तीच. तुमच्या गटातली माणसं वेगळी असतील तर हा क्रम खुशाल बदला.

आधी वाचणारं कोण आहे ते बघा. दांडिया बाजारातल्या आजी देवनागरी सहज वाचतात. सून गुजराती माध्यमातली: घरी मराठी फाडफाड बोलते, देवनागरी शाळेतल्या हिंदीमुळे येते, पण बारीक अक्षरातला मजकूर आला की तिची नजर गुजराती शोधते. नातू इंग्रजी माध्यमाचा. या तिघांना एक पुस्तिका पुरत नाही. मराठी मजकूर गुजराती लिपीत छापणं ऐकायला विचित्र वाटेल, पण सुनेच्या पिढीसाठी तो चांगला पर्याय आहे. ळ दोन्ही लिप्यांत आहे, त्यामुळे फारसं अडत नाही. फ्लिपचार्टला ही भानगडच नाही. लोकांसमोर चित्र, बोलणाऱ्या ताईसाठी मागच्या बाजूला मजकूर.

तिन्ही साधनं एकाच अवघड संदेशावर घासून बघा. आमच्या मते तो संदेश आयर्न आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा. आता बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी या एचआयव्हीच्या गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. आयर्न किंवा कॅल्शियम पोटात एकत्र आलं की ते डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. म्हणून टीएलडी आयर्न-कॅल्शियमच्या गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. जेवणासोबत घेतल्या तर दोन्ही एकत्र चालतात. अ‍ॅसिडिटीच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधाला मात्र ही जेवणाची सूट नाही.

हे पुस्तिकेत वाक्यात लिहिलं की ‘आधी’ आणि ‘नंतर’ची हमखास अदलाबदल होते. ऑडिओत ऐकलेले २ आणि ६ दहा मिनिटांत पुसले जातात. फ्लिपचार्टवर एक मोठं घड्याळ काढा: रात्री ९ वर टीएलडी, दुपारी १ वर ताटाशेजारी गरोदरपणातली लाल गोळी. मधले ८ तास बोटाने मोजता येतात.

आणि एक खास बडोद्याचा खड्डा. सयाजी रुग्णालयात, म्हणजे एसएसजीत, खिडकीवर कानावर पडतं ते ‘लोहीनी तपास’, म्हणजे रक्ताची तपासणी. हे रोज ऐकणाऱ्याला तुमची शुद्ध मराठी ‘लोहाची गोळी’ रक्ताची गोळी वाटू शकते, आणि रक्त वाढवणारी गोळी कुणी लांब ठेवेल कशाला? ‘आयर्नची लाल गोळी’ म्हणा आणि शक्य तर गोळीच दाखवा. तसंच ‘ताव’: आपल्याला तो कागदाचा, गुजरातीत ताप. खिडकीवर ऐकू येणारे असे पंधरा-वीस शब्द पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मराठीशेजारी द्या.

दुसरा अवघड संदेश व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचा. इथे उतरत्या रेषेचा आलेख टाळा. रेषा खाली गेली की माणूस ‘तब्येत खालावली’ असं वाचतो. त्याऐवजी तांदूळ निवडायचं ताट काढा. खडे म्हणजे विषाणू, रोजची गोळी म्हणजे निवडणं. ताटात खडा दिसेनासा झाला तरी मागच्या पोत्यात खडे आहेतच. निवडणं थांबलं की ते पुन्हा ताटात. ‘रिपोर्टमध्ये दिसत नाही’ आणि ‘बरा झाला’ यातला फरक एवढ्या चित्रात समजतो.

आता गुप्तता. फ्लिपचार्ट बैठकीनंतर पिशवीत जातो, कुणाच्या घरी जात नाही. पुस्तिका जाते. तिच्या कव्हरवर एड्सची खूण असलेली लाल रिबन छापली की ती रिक्षात किंवा बाकड्यावर ‘विसरली’ जाणार. कव्हर साधं, नाव ‘माझी रोजची गोळी’सारखं, आकार ए-सिक्स, १६ पानं, मध्ये दोन पिना. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात.

क्लिपचं दुखणं वेगळं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि एचआयव्हीच्या औषधांचा ग्रुप म्हणजे सभासदांची उघडी यादीच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. एकेकाला वेगळा मेसेज पाठवणारी ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. कुणी तो ‘मावशी’ म्हणून सेव्ह केला तर उत्तमच. एकदाच ऐकता येणारा व्हॉइस मेसेज मागे राहत नाही, पण मग पुन्हा ऐकताही येत नाही. फोन घरात सामायिक असेल तर क्लिप नकोच. करायचीच तर ६० ते ९० सेकंद, एका क्लिपमध्ये एकच गोष्ट, आणि पहिल्या दहा सेकंदांत आजाराचं नाव घेऊ नका.

माहिती शिळी होते, हे ठरवताना सगळे विसरतात. जुन्या पुस्तिकांत ‘सीडी फोर ३५० च्या खाली आल्यावर औषध’ असं सापडतं (सीडी फोर म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी). भारतात २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला औषध सुरू करायचं धोरण आहे. ‘रात्री झोपताना घ्या, तेलकट नको’ हा सल्ला एफाविरेन्झ या आधीच्या औषधाच्या काळातला. टीएलडी कोणत्याही ठरलेल्या वेळी, जेवून किंवा उपाशीपोटी चालते. अशी पुस्तिका दोन हजार छापली असेल तर दोन हजार चुका घरोघरी पडून राहतात. फॉरवर्ड झालेली क्लिप तर परत बोलावताच येत नाही. फ्लिपचार्टची बारा-चौदा पानं ए-थ्री आकारात, मॅट लॅमिनेशन करून रिंगमध्ये अडकवलेली असतील, तर चुकलेलं एक पान बदललं की झालं. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका. ट्यूबलाइटखाली अर्ध्या खोलीला नुसता उजेड दिसतो.

छपाईबद्दल एक. इथल्या बऱ्याच प्रेसमध्ये हात गुजरातीवर बसलेला असतो आणि मराठी मजकूर हिंदीच्या सवयीने जुळवला जातो. ‘गोळी’ची ‘गोली’ होते, ‘घेणाऱ्या’चं ‘घेणार्या’ किंवा आणखी काही. टाइप करायला देऊच नका. अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकलेली पीडीएफ द्या आणि प्रूफमध्ये हे दोन शब्द आधी शोधा. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको.

छापण्याआधी मजकूर एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या) डॉक्टर किंवा समुपदेशकाकडून तपासून घ्या. टीबी आणि मधुमेहाची पानं तर नक्कीच: टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राविरची आणखी एक ५० ची गोळी १२ तासांनी लागते, आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत.

मग पाच-सहा जणांवर कच्चा खर्डा चालवून बघा. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: ‘ताई, रात्री ९ ची गोळी सकाळी ६ ला आठवली, तर काय कराल?’ आठवली तेव्हा एक घ्यायची, रात्रीची नेहमीच्या वेळी, दोन एकदम कधीच नाही. सहापैकी दोघींनी ‘दोन घेऊ’ म्हटलं तर चूक त्या पानाची आहे, पुन्हा काढा. आणि प्रत्येक साधनावर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर ठेवा, पुस्तिकेत तो कव्हरवर नको, आतल्या पानावर.